प्रतिसाद: शिशानं सगळंच अडत नाही

वर एकानं आपल्या मोजणीचे आकडे देऊन लिहिलंय की शिशाचा जाड थर ठेवला की कॉस्मिक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे होणारा कणांचा वर्षाव थांबतो. अर्धं बरोबर. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन (प्रकाशकण) एकातून एक निर्माण होत जातात, ती साखळी वीसेक सेंटिमीटर शिशात जवळपास विझते, पण म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) सरळ पार जातात. आणि कधीकधी एखादा जोरदार कण शिशातल्या अणुकेंद्रावर आदळतो आणि एकदम अनेक भेदक, म्हणजे शिसं पार करणारे, कण उसळतात. १९४० च्या सुमारास ब्राझीलमध्ये वाताघिन आणि मँचेस्टरला यानोशी हे भौतिकशास्त्रज्ञ असेच भेदक वर्षाव शोधत होते.

खरी गोम मांडणीत. गायगर नळ्या (कण आतून गेला की विजेचा ठोका देणाऱ्या) शिशाखाली एकमेकींच्या वर नाही, शेजारी-शेजारी ठेवायच्या, म्हणजे एकटा कण सगळ्या वाजवू शकत नाही. त्या एकाच क्षणी वाजल्या तरच नोंद.

लातूरला बीएस्सीला असताना आम्ही तीन नळ्यांवर हे करून पाहिलं. पहिल्या रात्री धडाधड नोंदी! आम्ही खूश. सकाळी कळलं, शेजारच्या बोअरची मोटर चालू-बंद झाली की विजेच्या झटक्यानं तिन्ही एकदम वाजायच्या. नंतर लाइट गेल्यावर, बॅटरीवर मोजलं तर तासन्‌तास काहीच नाही.

तुमच्या आकड्यांत अशा एखाद्या मोटरची वेळ वगळलीय का?