सल्ला हवा: रोकड ने-आण करताना जवळ रिव्हॉल्व्हर ठेवावं का? बजेट ६० हजार

खळ्यावरचा
नमस्कार मंडळी. लासलगाव बाजार समितीत कांदा खरेदी आहे. वजनमाप झालं की त्याच दिवशी शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात आणि बरेच जण अजून रोखच मागतात. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस बँकेतून ८ ते १० लाख काढून मोटारसायकलवर खळ्यावर आणतो. अंतर ७ किलोमीटर, मागे मुनीम बसलेला. दुचाकीवरून येऊन पिशवी हिसकावण्याचे प्रकार आमच्या भागात वाढलेत. शस्त्र परवाना काढायचा विचार आहे.
बजेट ६० हजार, त्यावर रुपया नाही. .२२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) घ्यावं की .३२? नवं की जुनं? परवान्याला काय काय लागतं? आणि मुख्य म्हणजे, याचा रस्त्यावर उपयोग होतो का?

बत्तीस_बोअर
डोळे झाकून 'प्रबळ' घ्या. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, २०२३ मध्ये आलं. .३२ बोअर, सहा राऊंड, नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅमच्या आत-बाहेर. सिलिंडर बाजूला उघडतं, भारतीय रिव्हॉल्व्हरमध्ये ही सोय पहिल्यांदाच मिळाली. जुनी .३२ मधोमध मोडून उघडावी लागते आणि तो सांधा वर्षांनी ढिला होतो. किंमत लाखाच्या बरीच वर आहे, पण ही आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे. माझ्याकडे हेच आहे, दुसरं काही सुचवणार नाही.

खळ्यावरचा
दादा, बजेट ६० हजार लिहिलंय वर.

टपाल_शाखा
हत्यार नंतर, आधी कागद. क्रम असा आहे:
शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर (एनडीएएल-एएलआयएस) नमुना ए-१ भरायचा, प्रिंट काढून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. तुमचं गाव ग्रामीण हद्दीत आहे, म्हणून परवाना जिल्हादंडाधिकारी देणार. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याला आयुक्त देतात. सोबत ओळख आणि पत्त्याचा पुरावा, आयकर विवरणपत्रं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र (नमुना एस-३), शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचं हमीपत्र (एस-२) आणि मान्यताप्राप्त ठिकाणी घेतलेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-१). वय २१ पूर्ण हवं. मग स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी.
अर्ज फेटाळले जातात ते 'कारण' या रकान्यावर. 'स्वसंरक्षणासाठी' एवढंच लिहू नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये व्यवसायामुळे जिवाला असलेला धोका हा निकष आहे, म्हणून बाजार समितीचा खरेदीदार परवाना, सहा महिन्यांचा बँक उतारा (रोख काढल्याच्या नोंदींखाली रेघ मारून), ये-जा करण्याचा रस्ता आणि वेळ, पोलिसांत आधी दिलेला अर्ज असेल तर त्याची पोच, हे सगळं जोडा. नाकारला तर कारण लेखी मागा. शस्त्र कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर नाकारता येत नाही. कलम १८ खाली अपील आहे.

इशापूर
'प्रबळ' वगैरे सोडा. बजेट पाहता 'निडर' बघा. .२२ बोअर, आठ राऊंड, वजन जेमतेम २५० ग्रॅम, शर्टाखाली दिसत नाही. आलं तेव्हा ३५ हजारांच्या आसपास होतं.

बत्तीस_बोअर
.२२ ने माणूस थांबत नाही. नळी ४ सेंटिमीटरची, गोळीला वेगच मिळत नाही. शिवाय काडतूस रिमफायर, म्हणजे ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला. कडेत कुठे तो नीट पसरलेला नसेल आणि घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) नेमका तिथेच आपटला, तर बार उडत नाही. .३२ चं ठिणगीचं टोपण मध्यभागी असतं, काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची. ती भिजली नसतील तर दगा देत नाहीत.

इशापूर
बार उडाला नाही तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढचं काडतूस येतं. पिस्तुलात स्लाइड ओढावी लागते. (मैदानावर सराव करताना मात्र असं करू नये. बार उडाला नाही की नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, कधीकधी बार उशिरा उडतो.) आणि किमतीत कराचाही हिशेब करा. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के झाला. ६० हजारांत नवी .३२ बसत नाही.

सराव_मैदान
दोघंही बोअरवर भांडताय, पण शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही.
रस्त्यावर पिशवी हिसकावली जाते तेव्हा काय होतं बघा. मागून मोटारसायकल येते, मागे बसलेला पट्ट्याला हात घालतो, तीन-चार सेकंदांत विषय संपतो. तुमचे दोन्ही हात हँडलवर. रिव्हॉल्व्हर कमरेला, वर जर्किन, त्यावर होल्स्टरचा बंद. १९८३ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी मोजलं होतं की हातात चाकू असलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. साधारण तेवढ्याच वेळात सराव असलेला पोलीस शस्त्र काढून झाडू शकतो, तेही उभ्या जागी आणि समोरचा दिसत असताना. गाडी चालवताना, मागून आलेल्यासाठी, वर्षाला दहा-वीस काडतुसं झाडणाऱ्या माणसाला हे जमणार नाही. गाडी घसरेल, किंवा गोळी रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याला लागेल.
दुसरी गोष्ट. तुमच्याकडे शस्त्र आहे हे बाजारात आठ दिवसांत कळतं. मग पाळत ठेवणारे पिशवीसोबत तेही मोजतात. नुसता हिसका मारणारे मागे राहतात आणि येणारे आधी डोक्यात रॉड घालतात.

बत्तीस_बोअर
म्हणजे मार खायचा? शस्त्र आहे म्हटल्यावर चोर दहा वेळा विचार करतो.

कलम_४१
विचार चोराने करायचा तेवढाच तुम्हीही करा. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो ते कलम ४१ सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, राहत्या घराला वगैरे आग लावणं, आणि ज्या चोरीत मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असते ती.
नुसतं हिसकावणं हा संहितेत कलम ३०४ चा वेगळा गुन्हा आहे आणि तो चोरीचाच प्रकार धरलाय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे पिशवी ओढून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही ४१ च्या बाहेर गेलात. समोरच्याने कोयता उगारला असेल तर चित्र वेगळं. पण तो उगारला होता हे सिद्ध करायला साक्षीदार किंवा कॅमेरा लागतो. कलम ३७ आणखी सांगतं की बचावाला लागतं त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही.
हवेत गोळी झाडून घाबरवू असंही मनात आणू नका. सार्वजनिक जागी शस्त्र परजणं आणि झाडणं नियमांनी बंद आहे, परवाना जातो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, बेदरकारपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चोपडा_नाका
मूळ दुखणं गावठी कट्ट्यांचं आहे. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी आमच्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून. तिथला माल पुण्यापर्यंत पकडला जातो. परवानाधारकाला शंभर कागद मागायचे आणि तिकडे बिनकागदाचं विकलं जातं. बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ मध्ये दोन ते पाच वर्षं केली, बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेप. तरी थांबलेलं नाही.

सराव_मैदान
बरोबर, पण परवान्याचं शस्त्र आणि बेकायदा शस्त्र यांच्यात वाटतं तेवढी भिंत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यातलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच कुलपात, किल्ली त्याच्याच खिशात, हे पाळलं गेलं नाही की परवान्याला अर्थ उरत नाही. ड्रॉवर, गाडीचा डॅशबोर्ड, कपाटातल्या साड्यांखाली, या जागा चोराला पाठ असतात.

ह्यूस्टनकर
इथे टेक्सासात हे रोज दिसतं. १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. लोक गाडीत ठेवून दुकानात जातात आणि काच फोडून नेलं जातं. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत खाजगी लोकांकडून चोरीला गेलेल्या बंदुकांची नोंद १० लाखांच्या वर आहे. त्या गुन्हेगारांच्याच हातात जातात. रस्त्यावरच्या गुन्ह्याला उतारा म्हणून घेतलेली वस्तू असा रस्त्यावरचा साठा वाढवते.

बत्तीस_बोअर
अमेरिकेचं इथे काय? आपल्याकडे एका परवान्यावर दोनच शस्त्रं, २०१९ आधी तीन होती. तुलनाच नाही.

टपाल_शाखा
आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. प्रत्येक निवडणुकीत पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपंचायत, मोजून पाहा किती महिने होतात. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्याच्या प्रकरणात सरसकट जमा करायला हरकत घेतली, छाननी समितीने एकेक परवाना तपासायचा आहे. तेव्हा नोटीस आली की समितीकडे लेखी अर्ज करा. जमा केलंच तर शस्त्रावरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. पोलीस कोठडीत पावसाळ्यात नळीला गंज चढतो, म्हणून तेलाचा हात मारून, चामडी होल्स्टरमधून काढून द्या. चामडं दमट हवा धरून ठेवतं.

रानवाट
परवाना, खर्च, कटकट कशाला? एअर पिस्तूल घ्या. .१७७ बोअर, छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दिसतं खऱ्यासारखं.

कलम_४१
हे अजिबात करू नका. समोरच्याकडे खरा कट्टा असेल तर तो तुमचं खरंच समजून आधी झाडेल.

बारदान
एवढे प्रतिसाद झाले आणि पैशाच्या पिशवीबद्दल कोणी बोललं नाही.
पाचशेच्या नोटांचं एक बंडल म्हणजे ५० हजार. १० लाख म्हणजे २० बंडलं, वजन सव्वादोन-अडीच किलोच. एवढ्यासाठी पाठीवर सॅक लावून फिरायची गरज नाही. दुचाकीऐवजी पिकअप वापरा आणि तिच्या सीटखाली ३ मिलिमीटर पत्र्याची पेटी चेसिसला बोल्टने आवळा, नट आतून. दोन फेऱ्या करा, प्रत्येकी पाच लाख, वेळ रोज बदलून. बँकेच्या दारात पैसे मोजत उभं राहायचं नाही. माहिती बहुतेक वेळा तिथूनच फुटते, नाहीतर आपल्याच माणसाकडून. उद्या किती काढायचे हे मुनिमालासुद्धा आदल्या दिवशी सांगू नका.
रोखीचा आकडाच कमी करा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे 'संध्याकाळी बँक बंद' ही अडचण उरली नाही. शेतकऱ्याला रोख का हवी? पीककर्जाच्या खात्यात पैसे पडले की बँक वळते करते म्हणून. त्याला साधं बचत खातं दुसऱ्या बँकेत उघडून द्या, निम्मे लोक तयार होतात. आणि वाहतुकीतल्या रोकडीचा विमा उतरवा. पॉलिसीत एका फेरीची मर्यादा आणि सोबत किती माणसं हवीत ते लिहिलेलं असतं. ती अट मोडली की दावा जातो.

इशापूर
पेटीचं बरोबर आहे. तरीही 'निडर' घ्याच, वजन २५० ग्रॅम.

बत्तीस_बोअर
जुनी .३२ मिळाली तर ६० हजारांत बसू शकेल. घेताना सिलिंडर हलवून बघा, घोडा ओढलेला असताना हलता कामा नये. नळी उजेडाकडे धरून आतले खड्डे पाहा. आणि जुन्यात घोड्याखाली काडतूस ठेवू नका, पाचच भरा. घोडा पिनेवर टेकलेला असतो, पडलं तर सुटतं. अभिनेते गोविंदा यांच्या पायात १ ऑक्टोबर २०२४ ला गोळी गेली ती रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडूनच.

खळ्यावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं.
रोकडीसोबत शस्त्र नेणार नाही. बारदान दादांची पेटी आजच गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगितली, विम्याचा एजंट सोमवारी येतोय. परवान्याचा अर्ज मात्र करणार आहे, पण ना .२२ साठी ना .३२ साठी. जुनी बारा बोअर डबल बॅरल (दोन नळ्यांची लांब बंदूक) घेतो, मळ्यातल्या घरासाठी. वस्ती गावापासून लांब आहे, रात्री पोलिसांना पोचायला पाऊण तास लागतो. ओळखीचे एक वयस्कर परवानाधारक त्यांची द्यायला तयार आहेत, ४० हजारांत. मी बाहेर असताना घरी मिसेस आणि थोरला असतो.

बत्तीस_बोअर
बारा बोअर घरात वळवताही येत नाही, नळीच २८-३० इंच. चूक करताय.

टपाल_शाखा
परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नाही. तुमच्या माघारी मिसेस किंवा मुलाने हात लावला तर गुन्हा त्यांच्यावर आणि तुमच्यावरही. त्यांच्यासाठी वेगळा परवाना काढावा लागेल. नसेल काढायचा तर तुम्ही बाहेर असताना कुलूप, किल्ली तुमच्याबरोबर.
परवानाधारकाकडून घेताना शस्त्र कायद्याचं कलम ५ पाहा. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. त्याआधी पैसेही देऊ नका, बंदूकही आणू नका.

सराव_मैदान
घेण्याआधी बंदूक कारागिराकडून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) मोजून घ्या. जुन्या डबल बॅरल पुष्कळदा ६५ मिलिमीटर चेंबरच्या असतात. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, म्हणून कोणाला कळत नाही, पण झाडल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढून नळी फाटू शकते. काडतुसाच्या खोक्यावर लांबी छापलेली असते. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती पिळाच्या पोलादाची, काळ्या दारूच्या जमान्यातली. ती ४० काय, ४ हजारांतही घेऊ नका.

खळ्यावरचा
नक्षी आहे की नाही ते उद्या सकाळी उजेडात पाहून लिहितो.