अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीच्या 2016 मधल्या नव्या मालिका: पहिल्या भागांनंतर

'धिस इज अस' ही कौटुंबिक मालिका म्हणजे नुसती रडारड, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. (पहिला भाग पाहायचा असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

शेवटी रुग्णालयात अग्निशमन दलाचा माणूस नवजात बाळांच्या खोलीबाहेर बिनधास्त सिगारेट पेटवतो. मी चमकलेच. मग कॅमेरा मागे सरकतो, जुने कपडे, टीव्हीवर इराणमधल्या ओलिसांची बातमी, आणि कळतं की बाळांचा बाप जॅक याची गोष्ट 1980 मधली आहे आणि बाकीची मुख्य पात्रं म्हणजे त्याचीच मोठी झालेली मुलं! एकही संवाद न खर्चता सगळा धागा जुळवला. डॅन फोगेलमननं लिहिलंय फार बारकाईनं. स्टर्लिंग के. ब्राउनचा रँडल जन्मदात्या बापाच्या दारात उभा राहून बोलतो, तो प्रसंगही जबरदस्त.

'द गुड प्लेस'चे पहिले दोन भाग 19 सप्टेंबरला सलग दाखवले, ते बरं झालं. एकट्या पहिल्या भागात कल्पना समजावण्यातच वेळ जातो. चुकून स्वर्गात पोचलेली एलेनॉर चांगलं वागायला शिकेल का, या प्रश्नात दम आहे. अभिनेता टेड डॅन्सन तर सुरेखच. मात्र बाकीचे शेजारी अजून नीट उभे राहिलेले नाहीत, त्यांना वेळ द्यायला हवा. दोन्ही मालिका मी पुढे बघणार, तुम्हीही 'धिस इज अस'चा दुसरा भाग तरी बघाच.