मदत हवी आहे: ब्रेन डेड म्हणतात, मग आयसीयूत धावपळ का वाढली?

सिंहगडरोडकर

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर बसून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. आतेभावाचा नवले पुलाजवळ बाईकवरून अपघात झाला, डोक्याला जबर मार. ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की ब्रेन डेडची पहिली तपासणी झाली, दुसरी सहा तासांनी. अवयवदानाचा विषय आत्यानेच काढला. तिचं म्हणणं एवढंच, "देईन, पण तो गेलाय हे आधी मला कळू दे."

घोळ तिथेच आहे. अंग गरम, छाती वरखाली होतेय, लघवीची पिशवी सिस्टर सारखी रिकामी करतेय. उलट सकाळपासून दोन नवे इंजेक्शनचे पंप लागले, अंगावर गरम हवेचं पांघरूण घातलं. आत्याने तळपायाला हात लावला तर बोटं हलली. साताऱ्याहून आलेले मोठे काका म्हणतात, "आता उपचार पोरावर नाही, त्याच्या किडन्यांवर चालू आहेत." मला उत्तर देता येईना. शिवाय: बिल कोण भरणार? पोलीस केस आहे, पोस्टमॉर्टेमचं काय? आणि नाही म्हटलं तर?

भूलवाला

काकांना वेड्यात काढू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे. फक्त क्रम चुकलाय.

ब्रेन डेड म्हणजे मेंदू देठासकट मेलेला. तसं झालं की बीपी सांभाळणारं केंद्र जातं, शरीराचं तापमान राखणारी यंत्रणा जाते, आणि लघवी आवरून धरणारं हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणं बंद होतं. म्हणून पिशवी भराभर भरतेय. आत्यांना ते जिवंतपणाचं लक्षण वाटतंय, प्रत्यक्षात ते मेंदू गेल्याचं लक्षण आहे. लघवीतून पाणी गेलं की रक्तातलं सोडियम चढतं, बीपी कोसळतं. ते दोन पंप बहुधा बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचे आणि लघवी आवरणाऱ्या व्हॅसोप्रेसिनचे असतील.

आता मुद्द्याचं. अंग थंड असेल, बीपी पडलेलं असेल किंवा गुंगीच्या औषधांचा असर असेल, तर ब्रेन डेडची तपासणी ग्राह्यच धरता येत नाही. म्हणजे आत्ताची धावपळ आधी निदान पक्कं व्हावं म्हणून आहे. तुम्ही होकार दिलात तर पुढे तीच काळजी अवयवांसाठी चालू राहील, आणि हो, तेव्हा ती अवयवांसाठीच असेल. हे स्पष्ट सांगावं, लपवण्यासारखं काही नाही. आणि तुमचा निर्णय होण्याआधीच सगळं सोडून दिलं तर हृदय थांबेल, मग आत्यांना देण्यासारखं फारसं उरणार नाही.

बोटं हलणं मणक्यातल्या मज्जारज्जूतून येतं, त्याला मेंदू लागत नाही. नातेवाईक हमखास यावर अडखळतात आणि आम्ही आधी सांगायला विसरतो.

माजी_आयसीयू_सिस्टर

दुसऱ्या तपासणीच्या वेळी घरातल्या एकाला उभं राहू देता का, विचारून बघा. पुष्कळ डॉक्टर देतात. त्यातली अ‍ॅप्निया टेस्ट बघण्यासारखी आहे. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडतात आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर गेला तरी श्वासाची एकही हालचाल नाही, तर श्वासाचं केंद्र गेलेलं. छाती मशीन हलवत होतं हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. आत्यांना झेपणार नसेल तर तुम्ही थांबा.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यांत प्रत्यारोपणाच्या टीममधला कोणी चालत नाही. हे काकांना नक्की सांगा.

होकारानंतर शरीर सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च घरच्यांकडून घ्यायचा नाही, असं 2014 च्या नियमांत आहे. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र तुमचंच, तेव्हा बिलात होकाराआधीचा आणि नंतरचा खर्च कुठल्या वेळेला वेगळा केलाय ते बघून घ्या. पोस्टमॉर्टेम चुकत नाही. पोलिसांचं पत्र आणि पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांची परवानगी यांच्यामागे हॉस्पिटलच्या अवयवदान कोऑर्डिनेटरने धावायचं, तुम्ही नाही.

नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, कारणही द्यावं लागत नाही.

सिंहगडरोडकर

दोघांचेही मनापासून आभार. काकांना वाचून दाखवलं. सह्यांचं ऐकून जरा निवळले, पण लगेच पुढचा प्रश्न: किडनी कोणाला द्यायची ते हेच हॉस्पिटल ठरवणार ना?

माजी_आयसीयू_सिस्टर

नाही. पुणे विभागाची समिती आहे, झेडटीसीसी, तिच्या प्रतीक्षायादीप्रमाणे वाटप होतं. हॉस्पिटल स्वतः प्रत्यारोपण केंद्र असेल तर काही अवयव आधी त्यांच्या पेशंटना मिळू शकतात, पण ते पेशंटही समितीकडे नोंदलेले असावे लागतात. कोणाला मिळालं ते तुम्हाला कळवत नाहीत, आणि तुम्हाला माणूस निवडताही येत नाही. काकांना आणखी शंका असेल तर कोऑर्डिनेटरला त्यांच्यासमोरच विचारा.