गाडीच्या टपावर विंडसर्फिंग बोर्ड, लातूर ते मालवण

पुढच्या आठवड्यात बोर्ड घेऊन मालवणला जायलोय, टपावर कॅरियर हाय पण नीट कसं बांधावं कोणी सांगल का? ऊन लई हाय.

प्रतिसाद: बोर्ड पालथा ठेवा, फिन (बोर्डाच्या खालचं पातं) वर अन् पुढच्या बाजूला, म्हणजे पट्टा ढिला झाला तरी फिन पट्ट्यात अडकती अन् बोर्ड मागं निसटत नाही. खाली फोम लावाच. रॅचेटवाला (खटक्यानं आवळायचा) पट्टा नको भाऊ, जास्त आवळला की बोर्ड दबतो, साधा बकलचा घ्या.

प्रतिसाद: पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यानं फडफडत नाही. घाटाआधी थांबून परत आवळा.

प्रतिसाद: उन्हात व्हेंट स्क्रू (बोर्डातली हवा सोडायचा छोटा स्क्रू) ढिला करा, आतली हवा फुगती! पाण्यात उतरायच्या आधी मात्र घट्ट.