‘त्यांचा देश, त्यांचा कायदा’ म्हणजे विनाआरोप कोठडीही मुकाट्याने मान्य करायची का?

कोर्टकचेरी (धागाकर्ती)

कतारमधून सुटून आलेल्या माजी भारतीय नौसैनिकांविषयीच्या चर्चेत काल ‘सरळसोट’ यांनी लिहिले की, परदेशी जाणाऱ्याने तिथला कायदा मान्य करूनच विमानात पाय ठेवलेला असतो, तेव्हा पकडले गेल्यावर भारत सरकारच्या नावाने गळा काढणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. याला दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान झाले नसते, म्हणून स्वतंत्र धागा.

कायदा मान्य करायचा तर त्यातले कोणते कलम मोडले हे आधी कळायला नको का? त्या आठ जणांना ऑगस्ट २०२२ मध्ये दोह्यात ताब्यात घेतले, आपल्या दूतावासाच्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट मिळाली ती ऑक्टोबरमध्ये, आणि आरोप ठेवले गेले ते थेट मार्च २०२३ मध्ये. मधले महिने, त्यांतला बराच काळ एकांतकोठडीत, त्यांनी नेमक्या कोणत्या कायद्याचा आदर करत काढायचे होते? २६ ऑक्टोबर २०२३ ला फाशी सुनावली गेली, २८ डिसेंबरला अपिलात ती रद्द होऊन कैद झाली, १२ फेब्रुवारी २०२४ ला सुटकेची बातमी आली. पण आरोप काय होते, हे ना दोह्याने जाहीर केले ना दिल्लीने. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये दूतावासाच्या अधिकारांचा वापर स्थानिक कायद्यानुसारच करावा असे म्हटले आहे खरे, पण त्या स्थानिक कायद्याने कलमाचा हेतू पुरता साध्य होऊ दिला पाहिजे, ही अटही तिथेच घातलेली आहे. ‘आमच्या माणसावरचा आरोप सांगा’ असे म्हणणे हा कायद्याचा अनादर असेल, तर आदर कशाला म्हणायचे ते तुम्हीच सांगा.

सरळसोट

माझे वाक्य उद्धृत केल्याबद्दल आभारी आहे, पण त्यापुढचे वाक्य आपण सोयीस्करपणे गाळलेत. मी विचारले होते की आपल्या घरात काय चालते? महाराष्ट्रात १९८१ पासून एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाला, वाळूतस्कर असा कोणताही शिक्का मारून जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त माणसाला खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करू शकतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘कुख्यात गुंड स्थानबद्ध’ ही बातमी आपण सगळे चहाबरोबर समाधानाने वाचतो. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदाही बारा महिन्यांपर्यंत तेच करतो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला थेट राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये जागा देणारे आपण कतारला कोणत्या तोंडाने शिकवणार? कतारच्या २००२ च्या समाजसंरक्षण कायद्यात विनाआरोप स्थानबद्धता महिनोन्महिने वाढवता येते, ही गोष्ट तिकडे नोकरीला जाणाऱ्यापासून कोणी लपवून ठेवलेली नाही. करमुक्त पगार घेताना तो देश शिस्तीचा वाटतो, आणि कडी लागली की जुलमी!

दोहावासी

सरळसोट काका, करमुक्त पगाराचा टोमणा आपण ठाणे शहरात बसून मारत आहात, म्हणून राहवत नाही. माझ्या एका सहकाऱ्यावर त्याच्या मालकाने, केवळ तो दुसरीकडे नोकरी शोधत होता या रागातून, तक्रार नोंदवली. त्याला नेले तेव्हा त्याच्या बायकोला कोणत्या पोलीस ठाण्यात चौकशी करायची हेही सांगितले गेले नाही, कागद पुढे आला तो अरबीत, आणि त्यावर सही करायची की नाही हे विचारायला जवळ कोणी नव्हते. पुढे तो सुटला, ‘गैरसमज झाला होता’ एवढेच त्याला ऐकवण्यात आले. त्याने कोणता कायदा मोडला होता, हे आजवर आम्हाला कोणालाही कळलेले नाही. आपण कधी असे दाराबाहेर उभे राहिला आहात का?

आणि सगळे दोष तिकडचेच आहेत असेही नाही. न वटलेल्या चेकपायी अमिरातीत लोक तुरुंगात जातात म्हणून आपल्याकडे किती हळहळ होत असे! त्यांनी २०२२ पासून, खात्यात शिल्लक नाही एवढ्यावरून होणारी फौजदारी कारवाई बहुतांशी बंद केली; आपले चेकविषयीचे कलम १३८ मात्र दोन वर्षांच्या कैदेसह ठाण मांडून आहे.

सुगरण_सानपाडा

विषय गंभीर आहे हे मान्य करून एक अवांतर मांडते. कायदा मोडण्याचा हेतूच नसलेल्या माणसाचे काय? लेकीकडे जाताना मी दिवाळीचे अनारसे आणि वर खसखशीची पुडी घेतली होती. आखातातल्या एका विमानतळावर ती पुडी सापडली आणि रात्रभर मला बाकावर बसवून ठेवले. अटक म्हणावी तर कागद नाही, सोडले म्हणावे तर पासपोर्ट त्यांच्याकडे. लेक बाहेर रडत होती. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे हे मला तिकीट काढताना कोणी का सांगितले नाही?

सरळसोट

कारण ते सांगणे तिकीट विकणाऱ्याचे काम नव्हे, सुगरणताई. बंदी घातलेल्या वस्तूंची यादी प्रसिद्ध असते, ती वाचणे हे प्रवाशाचे काम आहे. सिंगापूरमध्येही खसखशीला बंदी आहे. माझा मुद्दा आपणच सिद्ध केलात.

सुगरण_सानपाडा

कसला मुद्दा सिद्ध झाला? खसखस आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते. अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारच परवाना देऊन करवते. पन्नाशी उलटलेल्या बाईने इंग्रजी याद्या धुंडाळून मग अनारशांचे पीठ भिजवायचे का?

दोहावासी

यादी वाचा, हे सांगणे सोपे आहे. पाठदुखीसाठी भारतातल्या डॉक्टरने लिहून दिलेले ट्रामाडॉल हे वेदनाशामक पूर्वपरवानगी न काढता नेले, तरी अमिरातीत चौकशी होऊ शकते. म्हणजे आपल्याकडचे औषधाचे कागद जवळ असूनही माणूस अडकतो. दरवर्षी हजारो जण महाराष्ट्रातून तिकडे जातात. विमान कंपनीने निघण्यापूर्वी मराठीत चार ओळींचा संदेश पाठवायला काय हरकत आहे?

सरळसोट

आता विमान कंपनीने पाककृतीही तपासाव्यात!

कोर्टकचेरी

खसखशीवर निम्मा धागा खर्ची पडला, पण फरक त्यातच दडलेला आहे. सुगरणताईंनी कारण विचारले असते तर ‘बंदी असलेला पदार्थ बाळगला’ असे उत्तर तरी मिळाले असते. ते कठोर असेल, पण त्याला उत्तर देता येते, दंड भरता येतो, माफी मागता येते. ज्या कोठडीमागचे कारणच सांगितले जात नाही, तिथे निर्दोष माणसाने स्वतःचा बचाव करायचा तो कशापासून?

एमपीडीएविषयी बोलायचे तर सरळसोट यांच्याशी मी तिथे भांडणार नाही, कारण तो कायदा मलाही डाचतो. तरीही दोन्ही एका मापाने मोजू नका. आपल्याकडे स्थानबद्ध केलेल्याला कारणे लेखी द्यावी लागतात, प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाते, आणि औरंगाबाद व नागपूर खंडपीठांनी असे कितीतरी आदेश रद्द केलेले आहेत. सल्लागार मंडळापुढे वकील मिळण्याचा हक्क नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून कतारला सूट कशी मिळते?

येरवडा_७५

आणीबाणीत माझे वडील मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की अशा बंद्याला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. न्या. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि त्यांना सरन्यायाधीशपद गमवावे लागले. तेव्हा परदेशी वृत्तपत्रांनी आपल्या सरकारला जाब विचारला, तर त्याला ‘अंतर्गत बाबींत ढवळाढवळ’ म्हटले गेले. आज सरळसोट तेच वाक्य कतारच्या वतीने म्हणत आहेत. (मिसाबंद्यांचे मानधन २०२० मध्ये बंद करून २०२२ मध्ये पुन्हा सुरू करणाऱ्या राजकारणाविषयी मी इथे लिहीत नाही, नाहीतर धाग्याला कुलूप लागेल.)

सरळसोट

माझी तुलना आणीबाणीच्या समर्थकांशी करण्याइतकी माझी आणि आपली ओळख नाही. शब्द जपून वापरा. शिवाय हे आठ जण कायद्याच्या पाठपुराव्याने सुटले, अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये. सुटकेच्या आठवडाभर आधी, ६ फेब्रुवारीला, कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा वीस वर्षांचा करार झाला, त्या तारखा शेजारी ठेवून पाहा.

कोर्टकचेरी

तारखा शेजारी आल्या म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपल्यासारख्या काटेकोर माणसाला मी सांगायला नको. आणि घटकाभर खरे धरले तरी माझीच बाजू बळकट होते, कारण गॅसचा करार हाताशी नसलेल्या देशाच्या नागरिकाने मग काय करायचे? कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात पाकिस्तानने दूतावासाला भेट नाकारली, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पंधरा विरुद्ध एक मतांनी तो कलम ३६ चा भंग ठरवला. त्याआधी २५ डिसेंबर २०१७ ला आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, तेव्हा काचेपलीकडच्या मुलाशी आईला मराठीतून बोलू दिले गेले नाही, अशी तक्रार परराष्ट्र मंत्रालयाने जाहीरपणे केली होती. तोही त्यांचाच देश, त्यांचाच नियम. त्यालाही मान डोलवायची का?

पालघरचा_नाखवा

सगळे अधिकाऱ्यांविषयी बोलता, खलाशांविषयी कोणी बोलत नाही. आमच्या डहाणू-तलासरीकडची पोरे ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेषा आखलेली नाही, जाळे वाहत गेले की पाकिस्तानची सागरी सुरक्षा दलाची बोट येते आणि पोरे कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, ती भोगून संपते, तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली नाही म्हणून वर्षानुवर्षे आतच. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, घरची बाई त्या यादीत नाव आहे का एवढे विचारत फिरते. आपणही त्यांचे मच्छीमार असेच धरून ठेवतो, हे मी लपवणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम ७३ मध्ये, देशादेशांत तसा वेगळा करार नसेल तर किनाऱ्यापुढच्या राखीव आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी कैद देऊ नये असे लिहिले आहे, आणि दोघांनीही त्यावर सह्या केल्या आहेत. शिक्षा संपलेल्या माणसाने आता कोणाच्या कायद्याचा आदर करायचा, सरळसोट साहेब?

सरळसोट

शिक्षा भोगून झालेल्या माणसाला एक दिवसही आत ठेवू नये, हे मान्य. पकडल्यावर दूतावासाला लगेच कळवावे, हेही घ्या मान्य, विजयाचा गुलाल उधळा. पण आरोप ठेवायला कोणत्या देशाने किती दिवस घ्यावेत, हे मुंबईत बसून आपण ठरवणार नाही. जपानसारख्या लोकशाहीतही एका अटकेत आरोपाविना २३ दिवस ठेवता येते.

कोर्टकचेरी

तेवीस दिवसांनंतर जपानमध्ये सरकारी वकिलाला आरोप ठेवावा लागतो, नाहीतर माणूस सोडावा लागतो किंवा नव्या गुन्ह्यासाठी पुन्हा अटक करावी लागते. ती पद्धतही मला पसंत नाही. पण तेवीस हा आकडा आहे, आणि दोह्यातल्या कुटुंबांना आकडा सांगणाराही कोणी नव्हता. नाखवा, त्या यादीच्या कामात कायद्याची काही मदत लागली तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.