मदत हवी आहे: नीबोर्डवर खवळलेल्या पाण्यात दणके कसे जिरवायचे?

नमस्कार मंडळी,

मी पैठणचा. समुद्र लांब, पण नीबोर्ड सर्फिंगचं वेड लागलंय. बोर्डवर उभं न राहता गुडघ्यांवर बसून लाट घ्यायची, पायात स्विम फिन्स, म्हणजे पोहताना घालतात ते रबरी पंख. सुट्टी जुळली की मंगळूरजवळच्या मुल्कीला जातो, जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात.

सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी गुळगुळीत, सगळं जमतं. जमीन तापून खारा वारा सुटला की मोठ्या लाटेच्या अंगावर तुटक छोट्या लाटा उठतात. बोर्ड त्यांवर आपटत जातो, दणके थेट कमरेत बसतात आणि ऐन वळणात कड पाण्यातून सुटते.

ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘गुडघे वाकव.’ अहो, ते तर आधीच पूर्ण दुमडलेत! उभा सर्फर ज्या सांध्यात धक्का पचवतो, तोच माझा बोर्डला टेकलेला. मग धक्का जिरवायचा कुठं?

माझा बोर्ड जाड फोमचा आहे. 1960च्या दशकात अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनो यांनी मागून पातळ, लवचिक नीबोर्ड बनवले, हे वाचल्यापासून शंका येते की दोष बोर्डातच आहे का?

सरावासाठी नाथसागर दारात आहे हे खरं. वारा सुटला की तिथंही पाणी चांगलंच खवळतं. पण ते पक्षी अभयारण्य, तिथं बोर्ड घेऊन उतरायचं मनातही आणत नाही. जलतरण तलावात फिन्स घालून पाय मारतो, तेवढंच. घरी करण्यासारखं काही असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

पैठणकर, धक्का खुब्यात जिरवा. टाचांवर बूड टेकवून बसलात की प्रत्येक दणका कण्याला लागणारच. बूड जरासं उचला, पाठ सरळ ठेवून छाती पुढं झुकवा, गुडघे थोडे फाकवा. लाट आली की खुब्यातून खाली बसा, गेली की वर या.

दुसरं, बोर्ड सपाट पळवू नका. सपाट तळावर प्रत्येक छोटी लाट थाडकन आपटते. लाटेच्या बाजूची कड थोडी दाबून ठेवली की ती पाणी चिरत जाते. झटक्यात वळू नका, लांब वळण घ्या आणि खळगा दिसला तर तो ओलांडून मगच कड दाबा. लाट पकडतानाही फिन्सनी दोनचार लाथा जास्त मारा. वेग कमी असला की बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसतं.

बोर्डाची शंका बरोबर आहे. जाड फोम जास्त तरंगतो म्हणून उसळतोही जास्त. थोडा पातळ, वजनदार फायबरग्लासचा कुणाकडून तासभर मागून बघा, मगच पैसे घाला. आणि जून ते सप्टेंबर, पावसाळी समुद्रात, हा सराव करू नका.

पैठणकर:

मनापासून आभार! सतरंजीवर करून बघितलं. बूड उचलल्यावर मांड्या लगेच भरून येतात, म्हणजे ताकद तिथंच कमी पडते आहे. रोज करणार. आणखी एक: बराच वेळ बसलं की घोट्यांखाली मुंग्या येतात. गुडघ्यांखालचं पॅड जाड केलं तर फरक पडेल, की तोल जाईल? कुणी वापरलं असेल तर सांगा.