मदत हवी आहे: द्राक्षबागेत पाच पानांवरच डाउनी (केवडा रोग), पुढची फवारणी कोणती?

राम राम मंडळी. तासगाव भाग, थॉम्पसन द्राक्ष. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) बाग पाच-सहा पानांवर आलीय. आठवडाभर रिपरिप, सकाळी उशिरापर्यंत पानं ओलीच. खालच्या पानांवर तेलकट डाग, उलटून बघितलं तर पांढरी बुरशी. घड अजून स्वच्छ आहेत, पण गळकुजीची (घड कुजून गळण्याची) धास्ती आहेच. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी झालीय. ट्रॅक्टर आत घालावा तर चाक रुततंय.

आता डायमेथोमॉर्फ हे दुसरं बुरशीनाशक मॅन्कोझेबसोबत घ्यावं का? बोर्डोनं (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) कोवळी पानं करपतील असं वाटतं. दुकानदार दरवेळी मेटॅलॅक्झिलच हातात ठेवतो, माझा त्यावर भरवसा उरलेला नाही. काही पोंगे (कोवळे फुटवे) उडद्या भुंग्यानंही कुरतडलेत. त्याचं औषध याच टाकीत चालेल की वेगळं मारू? माल निर्यातीचा आहे, रेसिड्यूचं (मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं) बघूनच सांगा.